मजकूर प्रोसेसरचा पंचनामा

आमच्या चिरंजीवांचा संगणक, जो विजेच्या बिलाखेरीज अन्यत्र आपले सामर्थ्य क्वचितच प्रकट करतो, तो खेळातले युद्ध ऐन रंगात आले की धापा टाकू लागतो, अशी तक्रार दाखल झाली आणि तिच्यासोबतच नव्या प्रोसेसरसाठी रकमेची मागणीही रीतसर सादर झाली. वास्तविक १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्यावर स्वतःचा वेग उतरवून जीव वाचवणे हा त्या यंत्राचा अंगभूत धर्म आहे; रस ११८ अंशांच्या सुमारास पोचला की आमच्या कोल्हापूरचा गुळव्या काहील चुलाणावरून उतरवतो, तेच शहाणपण त्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीत आहे. म्हणून खरेदी तहकूब ठेवून आम्ही कॅबिनेट उघडले, तो पंख्याच्या पात्यांआड इतकी धूळ आढळली, की शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १९१२ साली बांधून झालेल्या खासबाग कुस्ती मैदानाच्या हौद्यातूनच ती मूठमूठ आणली असावी. थर्मल पेस्ट तर वाळून पापुद्रा झाली होती. कुंचला आणि नवी पेस्ट एवढ्यावर प्रकरण निकाली निघाले. आता पैलवान दमत नाही. अर्जदार मात्र, मागणी दप्तरी दाखल झाल्यामुळे, कमालीचे मंदावले आहेत.