बिनखात्याचे अर्थमंत्री

चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावरून केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि पुढे यशवंतराव व शंकरराव या दोन्ही चव्हाणांकडे काही काळ तेच खाते आले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद आणि फरीदाबाद या विस्तीर्ण पंचक्रोशीतील मराठी समाजात अर्थमंत्र्यांची आणखी एक परंपरा अव्याहत चालू आहे, याची नोंद मात्र कोणत्याही राजपत्रात सापडणार नाही. या मंत्र्यांचा पैशाशी संबंध बेताचाच. शब्दांचे रूढ अर्थ बरखास्त करावेत आणि रिकाम्या जागी आपल्या मर्जीतले अर्थ रुजू करून घ्यावेत, एवढाच त्यांचा कारभार.

हे गृहस्थ बहुधा एखाद्या मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले आणि उमेदीची वर्षे सरकारी क्वार्टरात काढून आता नोएडातील एका सोसायटीच्या अकराव्या मजल्यावर स्थिरावलेले असतात. त्यांच्या व्यसनाचे मूळ वस्तुतः गरजेत आहे. चेन्नईतला मराठी माणूस दुकानदारासमोर त्याच्याच मालाची मराठीत यथेच्छ निंदा करू शकतो. दिल्लीत ती चैन नाही. येथे ‘भाव’ म्हणा, ‘महाग’ म्हणा की ‘चोर’ म्हणा, समोरच्याला सारे तत्काळ कळते. तेव्हा आपल्या पूर्वजांची नंदभाषा आमच्या अर्थमंत्र्यांनी पुनरुज्जीवित केली. बाजारात गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून व्यापारी जे सांकेतिक आकडे वापरीत, त्यांत ‘पवित्र’ म्हणजे सात. सरोजिनी नगरच्या बाजारात एका शालीकडे पाहत त्यांनी पत्नीला गंभीरपणे सांगितले, “अहो, हे पवित्रावर येईल.” दुकानदाराने हात जोडले, “हाँ जी, एकदम पवित्र है,” आणि सातशेची शाल बाराशेवर नेली.

या पराभवानंतर त्यांनी उसनवारी सोडून स्वतःची टांकसाळ उघडली. ‘सदन’ म्हणजे दोन दिवसांच्या कामासाठी येऊन पंधरवडाभर मुक्काम ठोकणारा पाहुणा. त्यातही मिळेल ते खाऊन पडवीत निजणारा तो ‘कोपर्निकस मार्ग’, आणि गरम पाणी, इस्त्री व आग्रा-दर्शन यांचा तगादा लावणारा तो ‘कस्तुरबा गांधी मार्ग’; दोन्ही महाराष्ट्र सदने ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा भेद विशद करून सांगणे नलगे. २०१६ च्या जानेवारीत दिल्ली सरकारने मोटारींना सम-विषम तारखा नेमून दिल्या, तेव्हापासून एक दिवसाआड अबोला धरणारे शेजारचे दांपत्य ‘सम-विषम’ झाले. हिवाळ्यात हवा अतिगंभीर झाली म्हणजे ट्रक आणि बांधकामे बंद करणारा जो निर्बंधांचा चौथा टप्पा लागू होतो, तो यांच्या घरी बारमाही आहे. दारात आलेल्या मित्राला ते खालच्या आवाजात म्हणतात, “आत चौथा टप्पा आहे, खालीच बसू.” आणि बाई आतून तितक्याच स्पष्टपणे विचारतात, “चहा तिसऱ्यात चालतो की नाही?”

खरी जुगलबंदी होते ती नव्या पिढीशी. दिल्लीकर तरुण ‘कांड’ हा शब्द भानगड या अर्थी वापरतो. नातवाने “आजोबा, शाळेत आज कांड झालं,” असे सांगताच यांनी विचारले, “कोणते?” आणि त्याच रात्री रामायणाच्या आधारे भानगडींची वर्गवारी सिद्ध झाली. घर कोणाच्या नावावर करायचे यावरून म्हातारपणी होणारी भांडणे अयोध्याकांडात गेली. पळून जाऊन केलेली लग्ने अरण्यकांडात. कार्यालयातील आपापसांतील गुप्त तह किष्किंधेत. आणि जिन्यातल्या मीटरने पेट घेतला की सुंदरकांड. सोसायटीची वार्षिक सभा तेवढी निर्विवादपणे युद्धकांड ठरली. (ही वर्गवारी मला कित्येक मान्यवर समीक्षाग्रंथांतील वर्गवारीपेक्षा अधिक उपयुक्त वाटते.) ‘ठेका’ या शब्दाने मात्र त्यांची अडचण केली. तबल्याच्या नादी लागलेल्या या सोज्ज्वळ माणसाने एका हरियाणवी शेजाऱ्याला रोज संध्याकाळी ठेक्यावर दोन तास बसतो असे सांगितले, आणि त्या भागात ठेका म्हणजे दारूचे दुकान असल्यामुळे शेजारी दुसऱ्याच दिवशी बाटली घेऊन साथीला हजर झाला.

अलीकडे नातवाच्या मित्रमंडळींत ‘आजोबा’ हा शब्दही नव्या अर्थाने चलनात आला आहे. यूट्यूबवर ऐन रंगात असताना मध्येच सुरू होणारी आणि वगळता न येणारी जाहिरात, तिला ही मुले ‘आजोबा’ म्हणतात: “थांब रे, आजोबा लागलेत.” मंत्रिमहोदयांच्या कानावर ही बातमी गेली तेव्हा घरातील सर्वांनी श्वास रोखले, परंतु अर्थ त्यांना मनापासून पसंत पडला. हरकत घेतली ती एवढीच, की सदर नोंद खातेप्रमुखाच्या पूर्वमंजुरीवाचून झालेली आहे, सबब ती तूर्त तहकूब ठेवून प्रकरण रीतसर त्यांच्या सहीसाठी पाठवावे.