तोंडचं पाणी

आमच्या सोसायटीच्या गणपतीत दर वर्षी कुणीतरी ज्येष्ठ ‘दोन शब्द’ बोलतात. यंदा सेक्रेटरीने माइक माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, “काका, आता तुम्ही!” माझ्या तोंडचं पाणी पळालं. अगदी शब्दशः. जीभ टाळूला चिकटली, हातपाय गार पडले, पोटात गोळा आला आणि छातीत ढोल-ताशा सुरू झाला. पाचच मिनिटांपूर्वी मंडपामागून भज्यांच्या घाण्याचा वास आला, तेव्हा याच तोंडाला पाणी सुटलं होतं.

पाणी सोडणारा एक आणि पळवणारा दुसरा. केंब्रिजच्या लँगलींनी 1898 साली आपल्याला न विचारता चालणाऱ्या या कारभाराला ‘स्वायत्त’ मज्जासंस्था म्हटलं. तिच्या दोन शाखांना मराठी पुस्तकं अनुकंपी आणि परानुकंपी म्हणतात. आमच्या आज्यांनी मात्र पाणी ‘सुटणं’ आणि ‘पळणं’ एवढ्यावरच वाटणी आटोपली होती.

‘अनुकंपा’ हा शब्द आपण ऐकतो तो सरकारी नोकरीच्या तत्त्वात. त्यामुळे अनुकंपी म्हणजे कुणीतरी दयाळू असेल, असा माझा समज होता. पण संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ‘सोबतीने कापणे’. माइकसमोर माझे गुडघे नेमकं तेच करत होते.

अनुकंपी बिचारी वाईट नाही. समोर वाघ उभा आहे असं धरून ती कामाला लागते. बाहुल्या मोठ्या करते, यकृतातली साखर रक्तात सोडते, कातडीचं आणि आतड्यांचं रक्त स्नायूंकडे वळवते, पचन थांबवते. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन तेव्हा नव्याच असलेल्या क्ष-किरणांखाली मांजरांची जठरं बघायचे. मांजर बिथरलं की जठराची हालचाल बंद! पुढे 1915 साली त्यांनी यावर पुस्तकच लिहिलं. माझ्यासमोर वाघ नव्हता, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर शेजारीपाजारी होते. पण हे तिला कोण सांगणार?

सांगणारी आहे एक. परानुकंपीची मुख्य नस, व्हेगस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ भटकी. कवटीतून निघते आणि गळा, हृदय, फुप्फुसं असं करत थेट आतड्यांपर्यंत जाते. प्रत्येक घरात डोकावणाऱ्या आत्येसारखी. हृदयाला मोकळं सोडलं तर ते मिनिटाला शंभरेक ठोके टाकेल. आपण निवांत असतो तेव्हा ते सत्तरच्या आसपास राहतं, कारण आत्या सारखी “हळू रे, हळू” म्हणत असते. भीती वाटली की तिचा हात सुटतो.

त्या दोघींच्या कारभारात आपल्याला शिरकाव मिळतो तो श्वासातून. तो आपोआप चालतो आणि सांगितलेलंही ऐकतो. सावकाश सोडला तर ठोकेही मंदावतात, असं वाचलं होतं. म्हणून मी लांबलचक उच्छ्वास सोडला. माइक चालू आहे हे विसरलो. स्पीकरमधून कुकरची वाफ सुटल्यासारखा आवाज आला आणि पहिल्या रांगेतली पोरं खिदळली.

दोन शब्द कसेबसे झाले. मग ताटली हातात आली. कांदाभजी, वर तळलेली मिरची. पाणी परतलं, पोट कुरकुरलं, आत्या आपल्या जागी बसली. पहिला घास चावतोय तोच मागून सेक्रेटरी म्हणाला, “काका, आभारप्रदर्शनही तुम्हीच करा ना!”

भजं घशाखाली उतरेना.