अंगणातल्या अंगणात ट्रान्सफर केस बदलणे

पात्रता आधी तपासावी. आपल्याकडे एम. एच. 25 पासिंगची, ऐंशी-नव्वदच्या दशकातली महिंद्राची फोर व्हील जीप असावी, ती थोरल्या चुलत्यांच्या नावावर असावी आणि चुलते हयात असावेत. शेवटची अट टाळता येत नाही. "आरं चालतंय की, कशाला खोलतूस?" असं खाटेवरून विचारणारं कुणी नसेल, तर खोलायला हुरूप येत नाही.

आता यंत्राविषयी. गिअरबॉक्सच्या पाठीला बोल्टांनी आवळलेला हा ओतीव लोखंडाचा डबा इंजिनाचा जोर दोन वाटांनी पाठवतो, मागच्या चाकांकडे आणि पुढच्या चाकांकडे. गिअरच्या दांड्याशेजारी दोन आखूड दांड्या दिसतात, त्या याच्याच. एकीनं पुढची चाकं जुंपायची, दुसरीनं 'लो' टाकायचा. मूळ घाट दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा. युरोपच्या चिखलासाठी योजलेली वस्तू कळंब-वाशीकडच्या काळ्या रानात तितक्याच निष्ठेनं रुतते, आणि बहुतेक वेळा निघतेही.

आपल्याकडे चिखल असतो किती दिवस, असा प्रश्न चुलते विचारतीलच. उत्तर तयार ठेवावं. 2016 साली शेजारच्या लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं आलं; 2025 च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडे माणसं पुरातून हेलिकॉप्टरनं काढावी लागली. अशा मुलखात गाडी तयार असलेली बरी.

निदान सोपं आहे. 'लो'ची दांडी चढावर आपण होऊन बाहेर उडी मारते, खालून घरघर येते आणि गाडी जिथं उभी राहील तिथं ऑइलचा ठिपका पडतो. मात्र केसवर आळ घेण्याआधी प्रॉपेलर शाफ्ट हातानं हलवून पाहावा. जॉइंटचा क्रॉस खडखडत असेल तर केस निर्दोष असू शकते. तसं निघालं तरी खचू नये. तोवर गल्लीतली माणसं जमलेली असतात आणि त्यांच्यादेखत माघार घेता येत नाही.

मुहूर्ताला फार महत्त्व आहे. अमावस्या आपोआप बाद. शनिवारी लोखंड आणि तेल घरात आणत नाहीत, म्हणून केस आणि नव्वद नंबरचं ऑइल शुक्रवारीच आणावं. कोजागरीच्या आसपास पार्ट आणायला सोलापूरला निघू नये. तुळजापूरला पायी जाणाऱ्या भक्तांनी रस्ता भरलेला असतो. जुनी केस दाखवणारा माणूस ती मिलिटरीच्या लिलावातली असल्याचं सांगतो. ऐकून घ्यावं आणि मधल्या गिअरचा शाफ्ट जिथं बसतो ती भोकं बोटानं चाचपावीत. ती घासून मोठी झाली असतील, तर कितीही नवं सील टाकलं तरी ऑइल गळणारच.

जीप लिंबाखाली घ्यावी. फांदी सावलीसाठी आहे, चेन-कप्पी टांगायला नाही. केस खालच्या बाजूनं निघते.

पुढची पायरी विनोदात घेऊ नये. या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकात नसतो. त्याचा ड्रम ट्रान्सफर केसच्याच मागं असतो आणि तो शाफ्टमार्फत चाकं धरून ठेवतो. शाफ्ट सुटला की हँडब्रेकही गेला. "गिअरमधी टाकून ठेव की," असा सल्ला निवृत्त एस. टी. ड्रायव्हर मामा देतील. मामांचा मान राखावा, पण शाफ्ट सुटल्यावर गिअरही चाकांना धरत नाही. म्हणून चारही चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, चासी लाकडी ठोकळ्यांवर घ्यावी आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. दगड आणायला सल्ला देणाऱ्यांना पाठवावं. निम्मी गर्दी तिथंच कमी होते.

मग ऑइल घमेल्यात सोडावं. पातेलं घेऊ नये. ते कुठून आलं हे संध्याकाळपर्यंत कळतंच. ऑइलमध्ये चमचम दिसली तर ते गिअरच्या दातांचं चूर्ण समजावं. दोन्ही शाफ्ट, हँडब्रेक आणि मीटरची केबल सोडावी. गिअरबॉक्सखाली दुसरा जॅक द्यावा, कारण त्याला धरणारी आडवी पट्टी आता काढायची आहे.

इथं भावकी पुढं येते. बोल्ट सुटले, आता ओढा, असा पुकारा होतो आणि चौघं जण ओढू लागतात. त्यांना थांबवावं. केसच्या मागचं झाकण काढलं की आत गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टच्या टोकावर खाचांचा नट दिसतो, खाचेत स्प्लिट पिन. पिन सरळ करून उपसावी, नट सोडावा, त्यामागचा गिअर काढावा आणि मग ओढावं. नाहीतर केसबरोबर गिअरबॉक्सचा शाफ्टही येऊ लागतो आणि एका कामाची दोन होतात. चाकणच्या कंपनीतून सुट्टीवर आलेला आतेभाऊ या नटाबद्दल बोलत नसेल, तर तो तिथं कँटीनला आहे असं समजावं.

वजनाचा बाऊ करू नये. परंड्याच्या किल्ल्यातली पंचावन्न टनांची मुलूख-ए-मैदान तोफ 1632 मध्ये विजापूरला नेली, तेव्हा 400 बैल आणि 10 हत्ती लागले असं सांगतात. आपल्याला दोन माणसं पुरतात. फक्त दोघांनी एकाच वेळी "हां" म्हणायला हवं.

नवी केस चढवताना पॅकिंग नवीन घ्यावी. तालुक्याला मिळाली नाही तर जाड कागद केसच्या तोंडावर धरून हातोडीनं कडेकडेनं हलकं ठोकत जावं. कडेवर कागद आपोआप कातरला जातो. यासाठी जाड लग्नपत्रिका वापरणारे आहेत. ज्यांच्या घरची पत्रिका, ते बाजूला उभे नाहीत एवढं पाहावं.

ऑइल भरल्यावर चाचणी रानात घ्यावी. या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी सोय मध्ये नसते. त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून वळण घेतलं की सगळा ताण गिअरांवर येतो, दांडी अडकते आणि नवी केस लवकरच जुन्या केसच्या वाटेनं जाते. तरी कामाचा शेवट म्हणून फोर व्हील टाकून बस स्टँडपर्यंत मिरवून येणारे प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांच्यासाठी वरचं सगळं मार्गदर्शन पुन्हा पहिल्यापासून लागू होतं.