तबल्याच्या सरांचं पंचांग

तबल्याच्या सरांना नाव असतं, पण ते कुणाला लागत नाही. पालकांच्या मोबाइलमध्ये ते ‘तबला सर’ असतात, सोसायटीच्या सेक्रेटरीकडे ‘तबला बी विंग’, आणि कार्यक्रम ठरवणाऱ्यांकडे ‘तबला २’. म्हणजे ‘तबला १’ला त्याच दिवशी जास्त पैशांचं काम लागलं, तर फोन यांना. पत्रिकेत गायिका फोटोसकट, निवेदक फोटोसकट, प्रायोजक सहकुटुंब, आणि अगदी तळाला ‘साथसंगत’ या शब्दासमोर सर. तिथेही आडनावातली एखादी वेलांटी चुकलेली.

असे सर कोथरूडला भेटतील, सांगलीला भेटतील. माझ्या डोळ्यांसमोरचे डोंबिवलीचे आहेत. खरं तर तीन-चार सरांना एकत्र करून मी हे एक सर केले आहेत, कारण वेगळे ठेवले तरी फार फरक पडला नसता. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत सतरंजी, भिंतीवर गुरुजींचा फोटो, त्याखाली कालनिर्णय. बाकीची घरं त्या कॅलेंडरच्या चौकोनात दुधाचे खाडे आणि गॅसचा नंबर लिहितात. सरांच्या चौकोनात ‘का. ५, बाग, ५ वा.’ असं काहीतरी असतं. म्हणजे काळी पाचचा तबला, गाणारी बाई, बागेतलं स्टेज, पहाटे पाच.

सरांचं सगळं दुखणं या कॅलेंडरवरच आहे. मिळकत येते तिथीप्रमाणे आणि हप्ता जातो इंग्रजी तारखेप्रमाणे. गृहकर्जासाठी बँकेत गेले तेव्हा समोरच्या मुलीने गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागितल्या. महिने होते पौष, माघ आणि फाल्गुन. कर्ज शेवटी वहिनींच्या नावावर झालं. वहिनी शाळेत शिक्षिका आहेत. महाराष्ट्रातल्या संगीताला राजाश्रय कुणाचा, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, नोकरी करणाऱ्या बायकांचा. त्यांचे फलक कुठल्या मंडपात लागत नाहीत एवढंच.

सरांचं वर्ष पाडव्याला सुरू होतं. नववर्ष स्वागतयात्रेत ट्रकवर बसून लेझीमच्या गोंगाटात केहरवा वाजवायचा, तो खुद्द सरांनाही ऐकू येत नाही. मग रामनवमीपर्यंत गीतरामायण. गदिमा आणि बाबूजींनी १९५५ साली पुणे आकाशवाणीसाठी ५६ गाणी करून ठेवली आणि त्यावर मराठी तबलजींचा अख्खा चैत्र निघाला. सर म्हणतात, गाणी इतकी पाठ आहेत की वाजवता वाजवता मनातल्या मनात लाइटबिलाची बेरीज होते. वर बेरीज चुकते पण ठेका चुकत नाही, हेही सांगतात.

एप्रिल-मेमध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचं सत्र. दुसरं नोव्हेंबर-डिसेंबरात. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते गाणं घराण्यांच्या बंद दाराआडून सामान्य माणसापर्यंत न्यायला. ते पोचलं. दहावीच्या वाढीव गुणांपर्यंत पोचलं.

‘सर, दहावीच्या आत ह्याच्या किती परीक्षा बसतील?’

‘ताई, प्रवेशिका पूर्णला जरा थांबू. हात अजून तयार नाही.’

‘हात नंतर बघू हो. फॉर्मची शेवटची तारीख कधी?’

आणि फॉर्म भरला जातो. मग महिनाभर त्या सतरंजीवर तीनतालाची दुप्पट-चौपट हाताने टाळी देऊन म्हणण्याचं काम चालतं. नवव्या मात्रेला खाली असते, तिथे हात नुसता बाजूला करायचा असतो. पोरगं नेमकं तिथेच कडकडून टाळी वाजवतं आणि समेला हात बाजूला करतं. सर डोळे मिटतात. डोळे मिटले की बाहेर बाकड्यावर बसलेल्या आईला वाटतं, सर तल्लीन झाले.

लेखी परीक्षेसाठी पलुसकर आणि भातखंडे ताललिपीतला फरक घोकायचा, शिवाय एका वादकाचं चरित्र. सर दर वर्षी अहमदजान थिरकवाँ सांगतात, कारण सांगताना त्यांना स्वतःला बरं वाटतं. एका वर्षी एका चुणचुणीत मुलाने विचारलं, ‘सर, ते जॉबला कुठे होते?’

‘बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत.’

‘म्हणजे फिक्स पगार?’

सरांनी पाणी प्यायलं आणि कायदा घ्यायला सांगितला.

याच सतरंजीवर एक निवृत्त बँक अधिकारीही येतात. लहानपणापासूनची आवड, ती आता पूर्ण करायची आहे. एक तारखेला फी आणून देतात, घरी रियाज करतात, वहीत तारीखवार नोंदी ठेवतात, आणि प्रत्येक पलट्यानंतर विचारतात, ‘सर, यामागे लॉजिक काय?’ सरांचा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात दमवणारा विद्यार्थी हाच. त्याच्यानंतर नंबर न्यू जर्सीच्या मुलाचा. त्याचा तास रविवारी, तिकडे सकाळी नऊ, इकडे संध्याकाळी साडेसहा. स्क्रीनवर दोघांनी एकत्र वाजवायची सोय नाही, आवाज पोचेपर्यंत सरांची सम होऊन गेलेली असते. त्यामुळे आधी सर वाजवतात, मग तो. अमेरिकेत बसून त्याला निदान वाट पाहण्याची तालीम तरी मिळते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि त्याचा तास साडेसातवर येऊन बरोबर बँकवाल्या काकांवर बसतो. काकांना यामागचंही लॉजिक हवं असतं.

काही वर्षी ज्येष्ठ-आषाढाच्या आसपास अधिक महिना येतो. दुष्काळात तेरावा महिना असं आपण बोलायचं म्हणून बोलतो. सरांच्या घरी तो खरोखर येतो. लग्नं नाहीत, संगीत-मेंदी नाही, मुंजी नाहीत, आणि पुढचे सगळे सण महिनाभर लांब. हप्त्याला मात्र अधिक महिना माहीत नाही.

आषाढात अभंगांचे कार्यक्रम लागतात आणि पावसाने तबले उतरतात. कातड्याला ओल लागली की सूर खाली सरकतो, म्हणून सरांनी कपाटातल्या खालच्या कप्प्यात बल्ब लावलाय. घरातले कपडे पावसाळ्यात वाळत नाहीत, तबले मात्र ऊबदार जागी असतात. यावर वहिनींचं एक मत आहे, ते मी इथे लिहीत नाही.

गुरुपौर्णिमेला मुलं पाया पडतात. पेनांचे सेट मिळतात, शर्टपीस मिळतात, एका आईने तर पाचशे एक रुपये यूपीआयने पाठवून खाली ‘गुरुदक्षिणा’ असं लिहिलं होतं. दुपारी सर स्वतः गाडी पकडून पुण्याला आपल्या गुरुजींकडे जातात. पन्नाशीला आलेला, डोक्याचे केस विरळ झालेला हा गृहस्थ तिथे दाराशी चप्पल काढतानाच लहान होतो. गुरुजी पाठीवर हात ठेवून विचारतात, ‘रियाज चालू आहे ना?’ सर ‘हो’ म्हणतात. तो ‘हो’ मी ओळखतो. सोमवारी संध्याकाळी त्यांच्या सतरंजीवर आठ वर्षांची पोरं अगदी त्याच आवाजात तो म्हणतात.

गणपतीत दिवसाला दोन कार्यक्रम, कधी तीन. या दहा दिवसांत क्लास बंद असतो आणि पालक त्या तासांचे पैसे बिनचूक कापतात. मग पितृपक्ष. कुणीही काहीही ठरवत नाही. सर वाद्यवाल्याकडे पुडी बदलायला, वादी ओढायला जातात. गणपतीत कमावलेलं तिथे जातं. नवरात्रात दांडिया असतो, पण तिथे आता कीबोर्डवाला एकटा सगळी वाद्यं घेऊन येतो आणि सरांना कुणी बोलवत नाही. कोजागरीला आटीव दूध मिळतं. कधी कधी तेवढंच मिळतं.

आणि दिवाळी पहाट. रात्री अडीचला उठायचं, दोन तबले, एक डग्गा, हातोडी, पावडरचा डबा अशी बॅग खांद्याला लावून बागेत साडेतीनला हजर. ध्वनिवाला पोऱ्या झोपेतच माइक लावतो आणि डग्ग्यासमोरचा माइक तबल्यासमोर ठेवून परत झोपतो. सर काळी पाचला तबला मिळवतात. आडवे गट्टे, उभे ठोके, गजऱ्यावर हलकेच एक हातोडी, सोळाही घरं एक सूर बोलू लागतात. तेवढ्यात गायिका शालीतून तोंड बाहेर काढून म्हणते, ‘दादा, घसा बसलाय. पांढरी सहा करूया का?’ अर्धा सूर खाली. दुसरा तबला आणलाय तो पांढरी चारचा, निवेदक मधे दोन गाणी म्हणणार आहे म्हणून. मग सर मिळवलेला तबला उतरवायला बसतात. तोवर दीपप्रज्वलन सुरू होतं. वाऱ्याने काड्या विझतात. माजी नगरसेवक बोलतात, आजी नगरसेवक त्यापेक्षा जास्त बोलतात, आणि दोघांच्या भाषणाच्या पार्श्वभूमीला सरांची हातोडी ठाक-ठाक चालू असते. समितीतला एक जण येऊन दबक्या आवाजात सांगतो, ‘तबला, जरा थांबता का? साहेब बोलतायत.’

सूर्य चांगला वर आल्यावर कार्यक्रम सुरू होतो. गायिका आधी एक बडा ख्याल मांडते. विलंबित एकताल, बारा मात्रांचं एक आवर्तन सरायला जवळजवळ मिनिट. सर अर्धा तास ठेका धरून बसतात, न हलता. ऊन अंगावर येतं, तबला चढू लागतो, सर कळेल न कळेल असा तो धरून ठेवतात. समोर सिल्कच्या साड्या, नवे कुर्ते, आणि रसिकांच्या मनात फराळ. संपल्यावर एक गृहस्थ मुद्दाम स्टेजजवळ येतात. ‘वा, छान साथ. मध्ये मध्ये कुठे आला नाहीत.’

ही दाद फार मोठी आहे. ती ज्याला मिळते त्याला ती मोठी वाटत नाही, एवढाच घोळ.

मग शाल, श्रीफळ आणि पाकीट. पाकीट जाताना रिक्षात उघडायचं असतं, म्हणजे कुणासमोर चेहरा बदलत नाही. रक्कम फोनवर विचारली होती तेव्हा उत्तर मिळालं होतं, ‘सर, आपण घरचेच ना?’

डिसेंबरात एक दिवस पदरचं तिकीट काढून पुण्याला सवाईच्या महोत्सवाला. तिथे सर श्रोते असतात. गाणाऱ्याकडे त्यांचं लक्ष नसतं, ते मोठ्या पडद्यावर तबलजीचा डावा हात बघतात. मध्यंतरात वडापावच्या रांगेत राज्यभरचे सर एकमेकांना भेटतात. ‘सध्या काय?’ ‘चाललंय.’ दोघंही खरं सांगत असतात.

जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं. नंतर मुलं वार्षिक परीक्षेला बसतात आणि क्लास रिकामा होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये सर स्वतःसाठी वाजवतात. सकाळी अकराला, दार बंद करून, लेहरा लावून. मी एकदा जिन्यात थांबून ऐकलं होतं. मागच्या दिवाळीला त्या बागेत ज्यांनी त्यांना गप्प राहायला सांगितलं, त्यांनी हे ऐकायला हवं होतं. तिथे वर्षभर दिसलेले सर नव्हतेच.

तेव्हा यंदाच्या दिवाळी पहाटेच्या समितीत तुम्ही असाल, तर पहिल्याच फोनला रक्कम सांगा, ती कार्यक्रमाच्या आधी खात्यात टाका, आणि भाषणं गाण्यानंतर ठेवा. शाल देऊ नका. कपाट एकच आहे, आणि त्यात तबले राहतात.