होय म्हाराजा, वॉटर्लू स्ट्रीट!

आमच्या कुडाळकडे एसटी देवळासमोरून गेली की कंडक्टरापासून मागच्या सीटवरच्या पोरापर्यंत सगळ्यांचे उजवे हात छातीला लागून येतात. झोपलेला माणूससुद्धा झोपेतच हात लावतो. लेकीकडे गेलो तेव्हा सिंगापूरच्या विमानतळावर आमच्या हिच्या पिशवीतल्या कोकमांची कसून चौकशी झाली, पण ही सवय कोणाला सापडली नाही. ती बिनबोभाट आत आली.

लेक-जावई राहतात ती सरकारी गृहनिर्माण मंडळाची उंच इमारत. शेकडो बिऱ्हाडं, आणि लिफ्टमध्ये सगळे मोबाइलात मुंडी घालून. इतकी वर्षं राहून जावयाला शेजाऱ्याचं नाव माहीत नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा चिनी पंचांगाचा सातवा महिना लागला होता. या महिन्यात उपाशी भुतं मोकळी सुटतात, असं तिकडे मानतात. लोक त्यांच्यासाठी फुटपाथच्या कडेला संत्री, भात नि पेटत्या उदबत्त्या ठेवतात. भुतांना खर्चाला लागतील म्हणून खोट्या नोटा पिंपात जाळतात.

खाली फिरायला निघालो, तर वाटेतच असं एक पान मांडलेलं. ‘बाबा, त्यावर पाय...’ एवढं जावई म्हणतोय, तोवर मी चांगला लांबून वळसा घालून पलीकडे पोचलो होतो. तिठ्यावरचा नारळ नि लिंबू चुकवत शाळेत गेलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. बाकावर बनियन घालून बसलेल्या एका चिनी आजोबांनी ते पाहिलं आणि मान डोलावली. अशी मान आमच्याकडे भजनात एखादी जागा बरी घेतली की डोलवतात.

त्यानंतर आजोबा लिफ्टमध्ये भेटले की आमच्या मजल्याचं बटण स्वतः दाबू लागले. एका संध्याकाळी खुणेनं बोलावून मला ‘गेताई’ला घेऊन गेले. भुतांच्या करमणुकीसाठी मांडव घालून गाणीबजावणी करतात, ती गेताई. पुढच्या रिकाम्या खुर्चीत मी टेकणार, तेवढ्यात त्यांनी माझं बखोट धरून मला मागच्या रांगेत बसवलं. पहिली रांग भुतांची. आमच्या दशावतारात ती सरपंच नि पाव्हण्यांची असते. भुतांबद्दल एवढं म्हणेन की ती वेळेवर येतात आणि मध्येच उठून फोनवर बोलत नाहीत.

पण खरी गंमत वॉटर्लू स्ट्रीटवर. तिथे १८७० सालचं कृष्णाचं देऊळ आहे आणि जवळजवळ भिंतीला भिंत लावून १८८४ सालचं क्वान इम या चिनी करुणादेवीचं. देवीला आलेली चिनी माणसं बाहेर पडली की कृष्णासमोर थांबतात, तिथल्या मोठ्या पात्रात उदबत्त्या खोचतात, कमरेत वाकून नमस्कार करतात आणि मग घरी जातात. याला कोणी सर्वधर्मसमभाव म्हणेल. मला तो शेजारधर्म वाटला. देवी मोठी खरी, पण एवढ्या लांब आल्यावर शेजारच्या देवाला तोंड न दाखवता गेलं तर त्याला काय वाटेल?

ही देवीच्या देवळात शिरली नि थबकली. लोक गुडघे टेकून हातातली नळकांडी खुळखुळवत होते. आत नंबर घातलेल्या बांबूच्या काड्या. एक काडी बाहेर पडेपर्यंत हलवायचं. मग अर्धचंद्रासारखे दोन लाकडी तुकडे टाकायचे. एक उलटा, एक सुलटा पडला तर देवीचा होकार. दोन्ही सपाट बाजू वर आल्या तर देवी हसतेय, प्रश्न नीट विचारा.

‘अवो, ह्यो आपलो कौलच!’ ही म्हणाली, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता गुडघ्यावर बसली. आमच्याकडे गुरव मूर्तीला ओल्या कळ्या लावतो. उजवी पडली की काम होतं. इथे गुरव नाही, सगळं स्वतःच करायचं. हिने मग रीतसर गाऱ्हाणंच घातलं : ‘बाय म्हाराजा, जावयाच्या पीआराचा काम अडला हा, ता मार्गाक लाव म्हाराजा!’ कायम वास्तव्याच्या परवान्याचं हे काम तिथल्या प्रत्येक भारतीय घरात अडलेलं असतं. सवयीनं मी मागून ‘होय म्हाराजा’ म्हटलं. आजूबाजूच्या चारदोन माना वळल्या, पण कोणी हसलं नाही.

हिने नळकांडं असं हलवलं की दहाबारा काड्या भसकन सांडल्या. शेजारच्या बाई स्वतःचा प्रश्न अर्धवट टाकून धावल्या. ‘आंटी, स्लोली, स्लोली!’ हिचं मनगट धरून नळकांडं किती तिरकं करायचं ते दाखवलं. भक्त कुठलाही असो, दुसरा भक्त चुकीचं करताना दिसला की त्याला चैन पडत नाही. पुण्यात प्रदक्षिणा उलटी घालून बघा. माणसांची ओळख नमस्कारापेक्षा ही चूक सुधारण्यातून जास्त होत असावी, असा माझा कयास आहे.

पहिल्या वेळी देवी हसली. दुसऱ्या वेळी होकार आला. चिठ्ठी चिनीत होती, ती बाईंनी वाचून ‘गुड, गुड, बट वेट’ असा सारांश दिला. उपकाराची फेड म्हणून ही त्यांना कृष्णाचं देऊळ आतून दाखवायला निघाली. बाईंनीच हिला पाय कुठे धुवायचे ते दाखवलं, अर्चनेचं तिकीट कोणत्या खिडकीवर मिळतं ते सांगितलं आणि तमिळ पुजाऱ्यांशी दोन शब्द बोलूनही घेतलं.

निघताना बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि हिची काडी कितव्या नंबरची होती ते विचारलं. अठ्ठेचाळीस. त्यांनी तळहातावर लिहून घेतलं. तिथे चार आकड्यांची सरकारी लॉटरी असते आणि शुभ नंबराला मोठी मागणी. पण अठ्ठेचाळीसनं दोनच आकडे भरत होते.

‘हाउस नंबर?’ बाईंनी विचारलं.

हिने आमच्या कुडाळच्या घराचा ग्रामपंचायतीचा नंबर ठणठणीत आवाजात सांगितला. घरपट्टी थकलीय, हे मी मध्ये बोलणार होतो, पण तोवर दोघी लॉटरीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या होत्या.