तिसाव्या पानावरचे नाना

रहस्यकथा हातात आली की आमचे नाना आधी चष्मा पुसतात, मग पेन्सिलीला टोक काढतात. तिसाव्या पानाच्या आसपास समासात एक फुली पडते, बरोब्बर खुन्याच्या नावापुढे. वाचनालयातलं पुस्तक नानांच्या आधी मिळालं, तर ती रहस्यकथा. नंतर मिळालं, तर नुसती कथा.

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या निम्म्या आपण शाळेत असतानाच, बाकाखाली धरून सोडवल्या, असं नाना सांगतात. गणितं मात्र बाकावरच राहिली.

खुनी हुडकायची त्यांची रीत पोलिसांना ठाऊक नाही. "पुरावे कसले बघतोस? लेखकानं कुणावर किती शाई खर्च केलीय ते बघ. इन्स्पेक्टरला दारू, दुखरा गुडघा आणि जुनं दुःख. त्याच्या बायकोला फक्त चहाचा ट्रे. हवालदाराला तर नावसुद्धा नाही, नुसतं 'जी साहेब'. आणि हा फॅमिली डॉक्टर! दोनदा येतो, नाडीसुद्धा बघत नाही, तरी त्याच्या गुलाबाच्या कुंड्यांवर दीड पान? लेखक काय माळी आहे? मार फुली!"

शेवटी डॉक्टरच निघाला, तर लेखक 'भिकार, शेंबडं पोरही ओळखेल'. दुसराच कुणी निघाला, तर लेखक 'लबाड'. नानांच्या हाताखालून आजवर एकही लेखक पास झालेला नाही.

लंडनमध्ये 'द माउसट्रॅप' हे नाटक १९५२ साली सुरू झालं. करोनाचा खंड सोडला तर अजून चालू आहे. खुनी कोण ते बाहेर सांगू नका, अशी विनंती खेळ संपल्यावर प्रेक्षकांना करतात. पहिल्या खेळाला नाना असते, तर दुसरा झाला नसता.

परवा मात्र घात झाला. आणलेल्या पुस्तकाची शेवटची चार पानंच गायब! "डॉक्टरच आहे," म्हणत नानांनी पुस्तक मिटलं आणि पाचच मिनिटांत छत्री उचलली. भर उन्हात तीन वाचनालयं पालथी घातली, रद्दीवाल्याचे गठ्ठे उपसले. संध्याकाळी चौकात दिसले ते घामाघूम. काखोटीला त्याच पुस्तकाची धड प्रत.

"नाना, तुम्हाला तर तिसाव्या पानावरच कळलं होतं ना?"

"मला कळलं होतं रे," नाना घाम पुसत म्हणाले, "लेखकाला कळलंय का, ते बघायचं होतं."