बफरच्या बाटलीत वरून भर घालणाऱ्यास

शिवाजी पार्क, दादर



नाव ठाऊक नाही, म्हणून हे खुलं पत्र. तुमची करणी मात्र रोज एचपीएलसीच्या स्क्रीनवर दिसते. ग्रेडियंट सुरू झाला की बेसलाइन चढायला लागते, आणि त्या चढावर नमुन्यात नसलेली पीक उगवतात.

तुमच्यापायी भलत्यांवर आळ आला. आधी पार्कातल्या लाल धुळीवर, कारण आमची खिडकी त्याच बाजूला. मग एसीवर, मग डिटेक्टरच्या लॅम्पवर. पंप थांबवला, रेघ सरळ; लॅम्प सुटला. अ‍ॅसिटोनायट्राइलचं प्रमाण कायम ठेवून चालवलं, तरी सरळ. ग्रेडियंटमध्ये मात्र नमुना नसलेल्या नुसत्या ब्लँकलाही तोच चढ. नव्या कॉलमची ऑर्डर निघणार, इतक्यात एक साधी चाचणी केली. दोन रनच्या मध्ये कॉलममधून १० मिनिटं जाणारा सुरुवातीचा, जास्त बफर असलेला फेज ३० मिनिटं जाऊ दिला. पुढच्या ब्लँकमध्ये ती पीक कितीतरी उंच झाली. घाण बफरमधून येत होती. कॉलमच्या तोंडाशी साठायची आणि अ‍ॅसिटोनायट्राइल वाढलं की सुटून डिटेक्टरसमोर यायची.

बाटली उचलून पाहिली. लेबलवर जुनी तारीख खोडून नवी घातलेली. आतून काच बुळबुळीत, नळीच्या टोकाचा सिंकर पिवळट. ७ पीएचचा फॉस्फेट बफर, त्यात मुंबईचा उकाडा. जंतूंना आणखी काय हवं? आंबलेल्या आमटीत ताजी आमटी ओतून घरच्यांना वाढाल का हो तुम्ही?

आम्ही २१० नॅनोमीटरला मोजतो. तिथे जवळपास प्रत्येक सेंद्रिय कचरा दिसतो. दिवसाला २ ग्रॅमपर्यंत डोस असलेल्या औषधद्रव्यात आयसीएचच्या नियमाने ०.०५ टक्क्यावरची प्रत्येक अशुद्धी नोंदवावी लागते. चढत्या रेघेवर एवढ्याशा पीकचा पाया कुठे धरायचा? चुकीचा धरला तर खरी अशुद्धी निसटते किंवा चांगली बॅच अडकते. इथून जवळच परळला टाटा हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर राहून लोक उपचार घेतात. त्यांच्या हातात पडणारी गोळी अशाच कुठल्यातरी रेघेवर पास झालेली असते. बाटली धुवायची पाच मिनिटं वाचवताना ती माणसं तुम्हाला आठवली नाहीत, याचा मला संताप आहे.

सोमवारपासून उरलेला बफर ओतून टाका. बाटली धुवा, सिंकर बदला, नवा बफर ०.४५ मायक्रॉनमधून गाळा. तारीख घाला, खाली सही करा. कॉलम मी अ‍ॅसिटोनायट्राइलने धुऊन ठेवला आहे.

आपली,
त्याच बेंचवर काम करणारी